प्रार्थना सुचत नसेल तेव्हा

प्रिय बाळा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

नोकरी गेल्यापासून प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, असं तू फोनवर म्हणालीस. मग शब्द उसने घे, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतून. तिच्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. देवाच्या लोकांनी आपलं रडगाणं लपवलं नाही, ते उपासनेत गायलं.

२३ व्यापासून सुरुवात करू नकोस. ते तुला पाठ आहे, आणि पाठ असलेलं ओठांवरून नुसतं घरंगळतं. १३ वं उघड. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो. मोठ्याने वाच आणि प्रत्येक ओळीनंतर श्वासभर थांब. स्तोत्रं मुळात हिब्रू काव्य आहेत, आणि त्या काव्यात ओळीचा दुसरा भाग अनेकदा पहिल्याचंच वेगळ्या शब्दांत पुन्हा बोलतो; दुखऱ्या मनालाही एकदा सांगून पुरत नाही. मग वहीत तुझे स्वतःचे चार ‘कोठवर’ लिही. मोघम नकोत, नेमके: घरभाडं, रात्रीची जाग, उत्तर न आलेले अर्ज.

तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे, आणि पाचव्यात भरवसा. इथेच बहुतेकांचं चुकतं. विलाप टाळून थेट पाचव्यावर उडी मारली की ते वचन पोकळ वाजतं. एखाद्या दिवशी पाचवं म्हणवलंच नाही तर चौथ्यावर थांब. ते खोटं बोलण्यापेक्षा बरं. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजाडत नाही, अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. फक्त ते रात्री एकटीने वाचू नकोस. दिवसा वाच आणि त्यामागे ४२ व ४३ जोडून घे. ती दोन मुळात एकच गीत असावीत, कारण खिन्न झालेल्या स्वतःच्या जिवाला समजावणारं तेच पालुपद ४२:५, ४२:११ आणि ४३:५ मध्ये येतं. तीनदा समजवावं लागतं, यातच मला मोठा दिलासा वाटतो.

९१ व्याबद्दल सावध राहा. ते ‘काहीच वाईट घडणार नाही’ अशा हमीपत्रासारखं वापरलं जातं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात मोह घालताना सैतानाने येशूपुढे नेमकं त्यातलंच वचन टाकलं होतं. उलट वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते २२ व्याचं पहिलं वचन, टाकून दिल्याचा आक्रोश. ‘देवाने मला सोडलं’ असं वाटणं हा तुझ्या विश्वासाचा दोष नाही, बाळा.

थोडं सावरलीस की रोजचा क्रम धर: आजची तारीख घे आणि तीत ३०-३० मिळवत जा. ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. महिन्यात सगळी होतात. २९ तारखेला ११९ वं येईल, १७६ वचनांचं. ते ३१ साठी ठेव, किंवा आठ-आठ वचनांनी घे, त्याची रचनाच तशी आहे. पाच जमत नसतील तर एकच वाच. चुकलेल्या दिवसांची भरपाई करत बसू नकोस, त्या दिवसाच्या तारखेवर ये.

आणि झोप अशीच उडालेली राहिली, जेवण जाईना, तर डॉक्टरांकडे जा. स्तोत्रं आणि औषध दोन्ही घेता येतात. मुलाखतीला निघताना १२१ वं म्हण; आठच वचनं आहेत, बस येईपर्यंत होतात. मीही त्या वेळी इथे तेच म्हणेन, वेळ तेवढी कळव.

तुझी,
आई