पाच चमच्यांचे तीन करणाऱ्या आईकडून, अंगणवाडीच्या ताईंना

ताई,

सादर नमस्कार.

पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही एकच उचललात आणि बाकीचा बॉक्स पोरांत वाटायला लावलात. आभार मानायला लागले की तुम्ही मला मध्येच थांबवता आणि बाळाचं वजन विचारता. म्हणून लिहायला बसले. तेही सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण जी गोष्ट मी घराबाहेर कुणाजवळ बोलले नाही, ती आमच्या गल्लीत आणखी कुणाच्या तरी घरात आजही चालू असेल.

2023 चा ऑक्टोबर. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि मी कामावर परत गेले. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून कायद्यात आहे, पण दुकान-ऑफिसात दहा माणसं तरी असावी लागतात. आमच्या ऑफिसात आम्ही सहा. मला तीन महिने मिळाले, तेही बिनपगारी. नवरा अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटावर. नाशिकसारख्या शहरात दोन खोल्यांचं भाडं, गॅस, वीज, बाळंतपणात झालेली उसनवारी, सगळं त्याच्या एकट्याच्या पगारात बसत नव्हतं. त्यामुळे घरी राहायचं की जायचं, असा प्रश्नच नव्हता.

बाळंतपण झालं त्या दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर डब्याच्या दुधाचं नाव लिहून दिलं होतं. 'कामाला जाणार ना, मग लागेलच.' दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा दुधाची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला तुमच्याकडून पुढे कळलं. तेव्हा तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला होता.

सव्वाचारशे रुपयांचा 400 ग्रॅमचा डबा. सकाळी आणि रात्री मी पाजत होते तरी पाच दिवसांत संपायचा. महिन्याला सहा डबे म्हणजे अडीच हजारांच्या वर, आणि माझा पगार अकरा. दिवाळीच्या आधी एकदा डबा संपला आणि पगाराला सहा दिवस होते. त्या रात्री मी सासूबाईंना म्हटलं, 'आई, पाच नको, तीनच चमचे घाला. पोट तर भरतंय.' त्यांना डब्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पगार झाला, नवा डबा आला, पण तीनाचे पुन्हा पाच झाले नाहीत. डबा आठ दिवस पुरतोय याचं मला बरं वाटत होतं, ताई. हे लिहिताना आजही हात थांबतो.

नोव्हेंबर संपता संपता तुम्ही वजनाला बोलावलंत. झोळीत बाळ, काटा साडेपाचवर. दीड महिन्यात फक्त शंभर ग्रॅम. वाढीच्या तक्त्यावर तुम्ही पेनाने टिंब दिलंत ते हिरव्यातून घसरून पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात. मी लगेच बोलायला लागले, सर्दी होती, जुलाब झाले होते. तुम्ही काही म्हणाला नाहीत. संध्याकाळी घरी आलात, आईंच्या हातचा चहा घेतलात आणि म्हणालात, 'बाळाचं दूध कसं करतेस ते मला दाखव.'

बाटलीत दीडशेच्या खुणेपर्यंत उकळून कोमट केलेलं पाणी घातलं. एक चमचा, दोन, तीन. आणि मी थांबले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, डब्याकडे पाहिलंत, कितीला मिळतो विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही बोटांवर हिशेब केलात आणि म्हणालात, 'परवडत नाही गं हे कुणालाच.' बस. 'अशी कशी आई तू' हे वाक्य ऐकायची माझी तयारी होती. ते तुम्ही उच्चारलं असतंत तर मी पुन्हा वजनाला आले नसते, हे मी खात्रीने सांगते.

मग उरलेले दोन चमचे तुम्ही स्वतः घातलेत. तीस मिलीला एक सपाट चमचा, शीग नाही, कमीही नाही, हे आईंना तीनदा करून दाखवलंत. दुसऱ्या दिवशी आम्हाला महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे नेलंत. पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी येऊन मला हाताने दूध काढायला शिकवलंत. बोटं कुठे ठेवायची, आधी मागे दाबून मग पुढे कशी आणायची. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला जेमतेम दोन चमचे आलं आणि मी रडले. तुम्ही म्हणालात, 'काढत राहिलीस की येतं.' पंधरा दिवसांत सकाळची वाटी भरायला लागली. आमच्याकडे फ्रिज नाही. उकळलेल्या स्टीलच्या डब्यात झाकून ठेवलेलं दूध आई चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजायच्या. दुपारी अर्धा तास घरी जाऊ द्या असं ऑफिसच्या मालकांना विचारायलाही तुम्हीच लावलंत, आणि ते हो म्हणाले. डबे सहाचे दोन झाले, मग बंद.

4 डिसेंबरपासून तुमचा संप सुरू झाला. अंगणवाडीला कुलूप लागलं ते जवळजवळ पावणेदोन महिने. लोक तुम्हाला नावं ठेवत होते. मी ठेवली नाहीत. महिन्याच्या मानधनावर गल्लीतल्या प्रत्येक बाळाचं वजन, गरोदर बायांची नोंद, मोबाईलवर माहिती भरणं आणि वर सांगतील ते सर्वेक्षण. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तरी त्यासाठी रस्त्यावर यावंच लागलं. जानेवारीत बाळाची उष्टावण होती. मी फोन केला तेव्हा तुम्ही मोर्चात होतात, मागे घोषणा चालल्या होत्या. त्यातून ओरडून सांगत होतात, 'मूगडाळीचा मऊ भात, वर तूप, मिक्सरला लावू नको, चमच्याने घोट! पाण्यासारखं करू नको!' आईंनी माझ्या हातून फोन घेऊन सगळं पुन्हा विचारून घेतलं.

संप मिटल्यावर पहिल्या वजनाला काटा सहा किलो सहाशे. टिंब हिरव्यात, अगदी कडेला, पण हिरव्यात.

लसींचंही असंच. न्यूमोनियाच्या लसीच्या एका डोसला खासगीत मला साडेतीन हजार सांगितले होते. ती 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही पुन्हा उसने घेतले असते.

आता तो तुमच्याच सतरंजीवर बसतो. शेजारी विचारतात, नर्सरीत का नाही घातलं. मी सांगते, ज्यांनी त्याला हिरव्यात आणलं त्यांच्याकडेच घातलाय.

एक काम आहे, ताई. आमच्या मागच्या ओळीत पहिलटकरीण आहे, शिवणकामाच्या कारखान्यात जाते, पुढच्या महिन्यात तिला कामावर बोलावलंय. परवा तिच्या खिडकीत डबा दिसला. तुम्ही गृहभेटीला जाल तेव्हा मला हाक मारा. रविवारी मी घरीच असते, वाटी-चमचा उकळून घेऊन येते. तिला दूध करून दाखव म्हणायच्या आधी माझी गोष्ट मीच तिला सांगेन.

तुमची,
साडेपाच किलोच्या बाळाची आई