बेळगावातल्या शहापूरच्या मामांना, त्या काडेपेटीबद्दल

मामा, नमस्कार.

तुमच्याकडं साधा बटणाचा फोन आहे हे माहीत आहे, त्यामुळं हे तुमच्या नातवाला पाठवणार, तो वाचून दाखवेल. घरी येऊनच सांगणार होतो, एकदा आलो पण होतो, पण तुम्ही पेटीचे भाते चिकटवत बसला होता आणि हाताला सरस लागलेल्या माणसापुढं उभं राहून आभार-बिभार मानायला मला जमलं नाही. चहा पिऊन परत आलो. शिवाय हे चारचौघात लिहायचं अजून एक कारण आहे, त्या दिवशी तुमच्या दारात यायच्या आधी मी कुठं कुठं फिरून आलो तेही लोकांना कळू दे की.

मी कोण, तर त्या शनिवारी दुपारी तीनला गिटारची पिशवी पाठीला लावून घामाघूम आलेला तो. अंगावर उद्यमबागेतल्या कंपनीचा निळा शर्ट. गिटार माझी नव्हती. मला एक तारसुद्धा वाजवता येत नाही, तुम्ही "वाजवा बघू" म्हणालात तेव्हा माझा कसला पोपट झाला होता आठवतंय का?

तुम्ही विचारलेलं, इंडी म्हणजे काय वो? मी तेव्हा काहीतरी अं अं केलं, आता नीट सांगतो. जी माणसं आपली गाणी आपणच लिहितात, पिक्चरसाठी नाही, कुठल्या कंपनीनं सांगितलं म्हणून नाही, आपल्याच पैशानं रेकॉर्ड करतात, मग पन्नास माणसांपुढं गातात आणि रात्रीच्या बसनं घरी जातात, ती. आणि आम्ही फॅन लोक त्या पन्नासातले. मी कॉलेजात असताना इंडियन ओशन हा बँड ऐकला आणि तिथून बिघडलो. तबला आणि बेस गिटार एकाच गाण्यात असं सुखानं नांदताना मी आधी ऐकलंच नव्हतं. त्यांचे असीम चक्रवर्ती, तबला वाजवता वाजवता गायचे, ते २००९ च्या डिसेंबरात गेले. मी त्यांना समोर बसून कधीच ऐकू शकलो नाही, ही खंत अजून आहे आणि बहुतेक म्हणूनच आता कुणाचाही शो असला की उद्या बघू असं म्हणवत नाही. मग स्वरात्मा हा बँड, मग गायक रघु दीक्षित. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं रघु दीक्षितनं गिटारवर घेतली ती ऐकून ऐकून माझं कन्नड सुधारलं, शाळेत मास्तरांनी छडी मारून पण जे झालं नव्हतं ते.

पण ऐकायला जायचं कुठं? पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. पुण्यात २०१० ला वीकेंडर हा गाण्यांचा फेस्टिवल सुरू झाला तेव्हापासून आमची दोघा-तिघांची वारी ठरलेली, शुक्रवारी रात्री बस, सोमवारी पहाटे सीबीटीला, आमच्या बसस्टँडवर उतरून तसंच फर्स्ट शिफ्टला. दोन्ही शहरांच्या मधे आम्ही बसलोय, हायवे आमच्या उशाशी, आणि पुण्याहून बेंगळुरूला जाणारे सगळे बँड आमच्या गावावरून झोपेत जातात. कधीतरी एखाद्यानं बेळगावला उतरावं एवढीच इच्छा होती.

तर एक जण उतरायला तयार झाली. धारवाडची मुलगी, कन्नडमधे गाते, थोडं हिंदी, स्वतःची गाणी. नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय. आणि मग सुरू झाली आमची वरात. हॉलवाल्यांनी आधी हो म्हटलं, मग चार दिवस आधी फोन करून "ते इंग्लिश धांगडधिंगा आमच्यात चालत नाही" म्हणाले. अहो एक मुलगी, एक गिटार, धांगडधिंगा कुठला? त्याच हॉलमधे लग्नाच्या रात्री काय काय वाजतं ते शेजाऱ्यांना विचारा. त्याच्या आधी एका इव्हेंटवाल्यानं असाच एक कार्यक्रम करतो म्हणून तिकिटं विकलेली, कार्यक्रम झाला नाही, माझे आणि माझ्या मित्रांचे पैसे अजून "प्रोसेसमधे" आहेत, दीड वर्ष झालं. असू दे. शेवटी मित्राच्या टिळकवाडीतल्या घराची गच्ची मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, चाळीस खुर्च्या, दोन सतरंज्या.

आणि शनिवारी बारा वाजता ती बसमधून उतरली आणि रडकुंडीला आलेली. वरच्या रॅकवरून कुणीतरी आपली बॅग ओढली आणि गिटार खाली. बाकी काही झालं नव्हतं, फक्त मानेच्या टोकाला ती पांढरी पट्टी असते ना, सहा खाचांची, तिचा एक कोपरा उडालेला. नट म्हणतात त्याला. प्लॅस्टिकचाच होता. पहिली तार, सगळ्यात बारीक, बसायलाच जागा नाही, घसरून बाहेर.

मी हाफ डे टाकला. पहिल्या दुकानात सांगितलं, नवीन गिटार घ्या, ऑफर आहे. दुसऱ्या दुकानातल्या पोरानं "अरे हे काय, पाच मिनिटांचं काम" म्हणत ड्रॉवरमधला कसलातरी गोंद ओतला, तार चढवली, शंभर रुपये घेतले, आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत टक्‌ करून सगळं निघालं आणि वर लाकडावर पांढरा डाग पडला तो पडलाच. परत गेलो तर म्हणतो तुम्ही तार जास्त ताणली असणार. तिसऱ्यानं मान वर करून बघितलं पण नाही, मोबाईलमधे होता, "ऑनलाईन मिळतंय की, पाच-सहा दिवसात येतंय." शो साडेसातला होता, मामा!

तुमचा पत्ता दिला तो एका भजनी मंडळातल्या काकांनी. पेटी-तबला बघतात म्हणाले, गिटारचं माहीत नाही, पण विचारायला काय जातंय.

तुम्ही काय केलंत ते मला पाठ आहे, कारण मी सीएनसीवर, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर काम करणारा माणूस, दिवसभर मायक्रॉनमधे बोलतो, हातात मापाचा व्हर्नियर नसला की मला नागडं वाटतं. तुम्ही वर्तमानपत्राचा कागद फाडला, चार घड्या घातल्या, तारेखाली सरकवला, एक घडी उलगडली, परत सरकवला, आणि "हं" म्हणालात. झालं माप! मग पत्र्याच्या डब्यातून तो हाडाचा तुकडा काढलात. मिरजेला तरुणपणी तानपुऱ्याच्या कारखान्यात काम केलेलं, तिथल्या घोडीतून उरलेलं उंटाचं हाड, इतकी वर्षं डब्यात. "गिटारची अटीच की ही, त्यात काय एवढं." आम्ही नट म्हणतो त्याला तानपुऱ्यात अटी म्हणतात. करवतीचं पान, मग कानस, मग पॉलिश पेपर, आणि जाड तारांच्या खाचा पाडायला जुनी, पीळ असलेली तारच करवतीसारखी मागं-पुढं ओढलीत, म्हणजे जी तार बसायची तिनंच आपली जागा करून घ्यायची. मी ते बघितलं आणि आमच्या टूल रूमच्या साहेबांना आणून दाखवावं असं वाटलं.

शेजारी मागाची खटखट चालू होती, शहापुरात ती कधी थांबते? त्या आवाजात तार लागलीय की नाही कसं कळणार म्हणून मी विचारणारच होतो, तेवढ्यात तुम्ही गिटारच्या कडेला दात टेकवलेत. डोळे मिटून. तार छेडायची, दातात ऐकायची, परत कानस. खाच जरा खोल गेली तर तार मानेवरच्या धातूच्या पट्टीवर घासून झणझणते, उथळ राहिली तर बोट दाबून दाबून दुखतं आणि सूर चढतो, हे मला ती पोरगी कन्नडमधे कुजबुजत सांगत होती, आणि तुम्ही डोळे न उघडता तिला "गोत्तु, गोत्तु" म्हणालात. माहीत आहे, माहीत आहे. तेव्हा ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मधेच तुम्ही तो इंडीचा प्रश्न विचारलात, आणि माझं अडखळत झालेलं उत्तर ऐकून म्हणालात, "म्हणजे कुमारांसारखंच की." कुमार गंधर्वांचं म्हणत होतात, मी तेव्हा नुसती मान हलवली. नंतर विचार करत राहिलो. सुळेभावी इथून काय लांब आहे? १९२४ ला तिथं जन्मलेला मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकतो, टीबीनं अंथरुणाला खिळतो, देवासला माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकतो आणि मग घराण्याच्या चौकटीला न जुमानता आपल्याला पटेल तेच गातो. आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नव्हतं, सगळे हेडफोन लावून परदेशातली नावं घेत बसलेलो.

आता पैशाचं. तुम्ही दोनशे रुपये घेतलेत. लोक मला म्हणाले, अरे म्हातारबुवांनी फुकट करून दिलं असेल ना? नाही, घेतले, आणि मला ते लई आवडलं. आमच्या या गाण्याच्या जगात ज्याला त्याला सगळं फुकट पाहिजे असतं, गायकाला "पैसे नाहीत पण एक्सपोजर मिळेल" म्हणतात, म्हणणाऱ्याच्या हातात स्वतः लाखाचा फोन. कामाचे पैसे सांगायचे आणि घ्यायचे, यात तुम्हाला कसलाच संकोच नव्हता. तिनंसुद्धा त्या रात्री डब्यात जमलेले पैसे समोर बसून मोजून घेतले, मला वाटतं तुमच्याकडं बघूनच.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय ते.

आम्ही निघालो, साडेपाच वाजलेले, मी स्कूटरला किक मारली आणि तुम्ही मागून "ओ शर्ट" अशी हाक मारलीत. नाव विचारलंच नव्हतं ना. येऊन माझ्या खिशात एक काडेपेटी सारलीत. मला वाटलं माझीच पडली की काय, मी तर सिगरेट ओढत नाही. तुम्ही म्हणालात, "रात्री दहाला तुटली तर माझ्या दारात येऊन बोंबलणार काय? असू दे." आणि आत गेलात.

गच्चीवर पोचल्यावर उघडली. कापसात गुंडाळलेली दुसरी अटी. सहाच्या सहा खाचा पाडलेली, घासून गुळगुळीत, आणि एका टोकाला पेन्सिलनं छोटी फुली, कुठली बाजू बारीक तारेची ते अंधारात पण कळावं म्हणून. कधी केलीत? मी तर समोरच बसलो होतो. बहुतेक मी चहा आणायला कोपऱ्यावर गेलो तेव्हा. सांगितलं नाहीत, तिचे पैसे लावले नाहीत. ज्या पोरीला तुम्ही दोन तासांपूर्वी ओळखत नव्हता, तिची रात्र दहा वाजता कशी असेल याचा विचार करून ठेवलात. दिवसभर ज्यांना मी भेटलो ते सगळे त्यांच्यापुढं उभ्या असलेल्या मला पण बघायला तयार नव्हते, हो. मला तिथंच, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून, काय झालं कुणास ठाऊक, डोळ्यात पाणी आलं. मित्र म्हणाला काय रे, मी म्हटलं धूळ.

शो झाला. चाळीस खुर्च्या कमी पडल्या, कठड्यावर बसले लोक. निम्म्या लोकांना कन्नड गाणी अर्धीच कळली असतील, पण आमच्याकडं अर्ध्या भाषेवर संसार चालतात तर गाणं का चालणार नाही? तिनं तुमची काडेपेटी स्टुलावर पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली होती. एक गाणं तिचं इतकं हळू आहे की श्वासाचा आवाज येतो, पहिली तार नुसती नखानं, तिथं मी तिच्याकडं न बघता त्या काडेपेटीकडंच बघत होतो. तार हलली पण नाही. दहा वाजून गेले, साडेदहा झाले, पेटी उघडायची वेळच आली नाही.

जाताना ती अटी तिनं नेली, हक्कच आहे तिचा. रिकामी काडेपेटी मात्र मी मागून घेतली. कंपनीत माझ्या टूलबॉक्समधे व्हर्नियरशेजारी आहे, सगळे विचारतात यात काय आहे, मी म्हणतो काही नाही.

अजून एक राहिलं. तुम्हाला त्या दिवशी बोलावलं होतं, तुम्ही "बघू की" म्हणालात आणि आला नाहीत, आणि मला जरा राग आला होता, खरं सांगतो. नंतर तुमच्या नातवाकडून कळलं की गुडघ्यामुळं जिना चढवत नाही. मी तिसरा मजला म्हटल्यावर तुम्ही गप्प झाला होतात ते तेव्हा माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. दिवाळीनंतर ती परत येतेय. यावेळी गच्ची नाही, अनगोळला एकाच्या घरापुढं अंगण आहे, पायरी एकच, ती पण मी मोजून आलोय, पाच इंच. हातवाली खुर्ची ठेवतो, उठायला बरं पडेल. संध्याकाळी सहाला स्कूटर घेऊन येतो, निळ्याच शर्टात येईन म्हणजे ओळखाल.

आणि नाव सुहास, मामा.