गाडीवर जायचं ठरवलंयस तर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस. कंपनीतलं काम सोडतो, सोलापूरला येतो आणि मालाच्या गाडीवर, ट्रकवर जातो. तुझ्या आईनं फोन माझ्या हातात दिला आणि ती आत निघून गेली. मी नुसतं "बघू" म्हणालो, कारण फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस. म्हणून हे पत्र.

मी नाही म्हणत नाही, हे आधी लिहून ठेवतो. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिण्यात माझा जन्म गेला. स्टेअरिंगला मी हात लावला नाही, पण ड्रायव्हर ढिगानं पाहिले. आत्या म्हणते, ड्रायव्हरला पोरगी कोण देणार? देणारे देतात गं. पगार घरी येतो का आणि माणूस शुद्धीत घरी येतो का, एवढंच बघतात. हे तिलाही सांगितलंय.

पण तू आल्या आल्या बाराचाकीवर बसणार असं धरून चाललायस, तसं होत नाही. तू एकोणीस वर्षांचा आहेस. मालाची गाडी चालवायला वीस पूर्ण लागतात. शिवाय जड वाहनाचं लर्निंग काढायचं तर हलक्या वाहनाचं लायसन आधी एक वर्षाचं झालेलं असावं लागतं. तुझं कारचं लायसन आहे, ते उपयोगी पडेल. कुणीतरी तुला सांगेल की साडेसात टनांपर्यंतची गाडी कारच्याच लायसनवर चालते. सुप्रीम कोर्टानं २०२४ साली तसा निकाल दिलाय हे खरं, पण विसाची अट आहे तिथंच आहे. लर्निंग मिळालं की निदान तीस दिवस थांबून आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्याची टेस्ट द्यायची. सोबत ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. डोळे मात्र आधीच तपासून घे. नंबर निघाला तर चष्मा लाव. चष्म्यानं मर्दपणा जातो असं वाटणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, रात्री समोरून डिपर आला की डोळे बारीक करून बसतात.

विसाला अजून अवकाश आहे, तोवर क्लीनर म्हणून जा. नाक मुरडू नकोस. बारावी शिकलेला क्लीनर म्हणून मित्र हसतील, हसू दे. ड्रायव्हरला शिक्षणाची अट होती ती २०१९ला गेली, पण तुझी बारावी वाया जायची नाही. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा कागद, वाचता न आल्यानं रस्त्यात अडकून पडलेल्या गाड्यांचे फोन मी रात्री-अपरात्री घेतलेत. दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. हैदराबाद इथून तीनशेच्या वर, म्हणजे दोन दिवस. उमरग्याजवळ गाडी बंद पडून मुदत जाते असं दिसलं, तर संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यायची असते. क्लीनरनं वेळेवर ऑफिसला फोन केला की काम भागतं. तो नेमका झोपलेला असतो.

आता माल भरणं. हे कुठल्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत, आणि खरी कमाई किंवा नुकसान इथंच होतं. हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात डिसेंबर-जानेवारीत कांदा उतरतो तेव्हा एकदा पहाटे जाऊन उभा राहा. हमाल पिशव्या फेकत थप्पी लावत असतात. ती थप्पी सरळ चाललीय का, वजन एका बाजूला पडतंय का, हे खाली उभ्या क्लीनरला दिसतं, केबिनमधल्याला दिसत नाही. ताडपत्री गच्च ओढली की पोरांना वाटतं काम झकास झालं. पण कांद्याला वारा लागतो. गच्च बांधलेल्या गाडीत आत हात घालून बघ, वाफ येते, आणि बेंगळुरूला पोचेपर्यंत मधल्या पिशव्या ओल्या झालेल्या असतात. पाऊस नसेल तर बाजूनं फट ठेवायची, पाऊस लागला की उतरून खाली ओढायची, थांबला की परत वर. रात्रभर हेच. याउलट अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरीच्या गाठी भरल्या तर पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. तिथं ताडपत्रीला भोक आहे का हे भरण्याआधी उन्हाकडे धरून बघायचं. नग स्वतः मोजायचे, मगच सही. उतरताना नग कमी भरले तर ते ड्रायव्हरच्या नावावर पडतात. आणि पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची पावती, सही-शिक्क्यासह खिशात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, पोहोच नसली की उरलेलं भाडं लटकतं.

रस्त्याचं मी काय सांगणार, ते उस्ताद, म्हणजे तुझ्या गाडीवरचा मुख्य ड्रायव्हर, शिकवेल. तरी ऑफिसात बसून जे कानावर आलं तेवढं सांगतो. पुण्याचा रस्ता सपाट आणि चौपदरी, म्हणून नवखा तिथं निर्धास्त होतो. गाळपाचा हंगाम सुरू झाला की मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाहेर लोंबत असतो. रात्री समोर नुसता काळोख दिसला तरी तिथं ट्रॉली आहे असंच समजून चालव. कोजागिरीला तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला असतो. तेव्हा जड गाड्या दुसरीकडून वळवतात, ते आधी विचारून निघावं. घाटात ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे असतात. त्यात सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. असा उस्ताद मिळाला तर दुसऱ्या दिवशी ती गाडी सोड.

मला काळजी गाडीची नाही, तुझ्या स्वभावाची आहे. तुला कुणाला नाही म्हणता येत नाही. या धंद्यात कुणी तुला "झोपू नकोस" असं म्हणत नाही. एवढंच म्हणतात, "सकाळी मार्केटला लागली पाहिजे." बाकीचं तू समजून घ्यायचं. मोटार कामगारांसाठी २०२५पर्यंत १९६१चा कायदा होता, दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. आता त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतलीय. कागदावर सगळं छान असतं. रस्त्यावर ते तुझं तुलाच पाळावं लागणार. मी ज्यांच्याकडे आधी होतो त्या मालकानं एका ड्रायव्हरला हैदराबादहून आल्या आल्या, अंघोळीलाही न सोडता, पुण्याला पाठवायचं ठरवलं होतं. तो काही बोलला नाही, किल्ली टेबलावर ठेवली आणि बाकड्यावर आडवा झाला. मालकानं चार शिव्या घातल्या. चार तासांनी तोच ड्रायव्हर तीच गाडी घेऊन गेला. त्याला कुणी काढलं नाही, कारण चांगला ड्रायव्हर मिळत नाही हे मालकालाही ठाऊक असतं. पहाटे डोळे मिटायला लागले की चहा, गुटखा, गोळी यांतलं काही कामाचं नाही. गाडी पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्यावर लावायची आणि झोपायचं. रस्त्याच्या कडेला नाही.

ओव्हरलोडचंही तसंच. कायद्यात दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. तो मालक भरेल, पण घाटात न थांबणारी गाडी तुझ्या पायाखाली असेल. वजनकाट्याची पावती बघ आणि बोल.

पैशाचं थोडक्यात. पगार ठरवून घे, भत्ता वेगळा ठरवून घे, आणि प्रत्येक ट्रिपचा हिशोब परत आल्या दिवशीच पूर्ण कर. उचल घेऊ नकोस. उचल घेतलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. १ ऑक्टोबर २०२५नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय म्हणून तू खूश होतास, पण क्लीनरच्या नशिबात जुनीच गाडी येणार. मे महिन्यातली सोलापुरी केबिन काय असते ते कळेलच. बाहेरच्या वाटेवरच्या बाकीच्या गोष्टी आहेत, त्या तुझा मामा बोलेल, मला जमत नाही.

आमच्याकडे माल नेणारा एक उस्ताद आहे, मोजकं बोलतो, पीत नाही, पुणे आणि हैदराबाद दोन्ही करतो. त्याला विचारून ठेवलंय. कंपनीला महिन्याची नोटीस देऊन, हिशोब नीट करूनच निघ, भांडून येऊ नकोस. येताना दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि कारचं लायसन आण, आरटीओत लागेल. आईला मात्र तू स्वतः फोन कर, माझ्याकडून निरोप देऊ नकोस.

तुझे,
आप्पा