मार्चमध्ये परत येत नाहीये, पण आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, मग मीही, म्हणून लिहितेय. जर्मनीत कोलोनमधलं काम मी पक्कं केलंय, सही झालीये. मार्चमध्ये कायमची येणार होते ते आता होत नाहीये. चिडू नका ना.

बाबा, तुम्ही म्हणाल सिरियलचं एडिटिंग मुंबईतही करता येतं. येतंच, आणि तिथलं काम मला कमी वाटत नाही. पण इथे एआरडी चॅनलवर रविवारी रात्री सव्वाआठला टाटोर्ट ही क्राइम सिरियल लागते, २९ नोव्हेंबर १९७० पासून चालू आहे, दीड तासात गुन्ह्याची एक अख्खी गोष्ट, आज या शहरातली तर पुढच्या वेळी दुसऱ्या, आणि कोलोनचे दोन इन्स्पेक्टर तर १९९७ पासून तेच, लोक त्यांच्याबरोबर म्हातारे झालेत. चॅनलचा पैसा मुख्यतः घरटी महिन्याला १८.३६ युरो फी असते त्यातून येतो, म्हणून मध्ये जाहिरातींचा ब्रेक नाही. त्याने काय होतं सांगू? मी असिस्टंट आहे त्या क्राइम फिल्ममध्ये पोलीस मुलाची बातमी घेऊन दारात उभे आहेत आणि ती बाई आधी मागे वळून शेगडी बंद करते. एडिटरबाईंनी म्युझिक काढलं, बटणाचा टक्क आवाज तेवढा ठेवला आणि शॉट तिच्या पाठीवरच धरून ठेवला. आई, मला तूच दिसलीस गं. नानांचा फोन आला तेव्हा तूही आधी दूध उतरवलं होतंस. मला हे नीट शिकायचंय, आणि ते इथे, या बाईंच्या शेजारी बसूनच येईल असं मनापासून वाटतं.

माझी काळजी करू नका. घर उबदार आहे, कुकर आहे, तूरडाळ कोपऱ्यावर मिळते, डबा घरूनच नेते. पगारी सुट्टी भरपूर आहे, गणपतीला येणार म्हणजे येणार. तुम्हाला सोडून राहतेय असं मनात सुद्धा आणू नका. आई, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून सिरियल बघायचे, तू केसातून हात फिरवायचीस आणि बाबा मध्येच शेवट सांगून टाकायचे, अजून इथे रविवारी टीव्ही लावला की तोच हात हवा असतो.

आता ऐका. मंदामावशी दोन्ही वेळा स्वयंपाकाला येतील, बोलणं झालंय, पैशाचं मी बघते, आई तू त्यांना नको म्हणू नकोस. मोतीबिंदूचं दिवाळीच्या आधी उरकून घ्यायचं, दादा रजा काढतोय. बाबा, शुगर उपाशीपोटीच तपासायची, चहा घेऊन नाही, आणि जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवायचा, बिल वाढलं तर वाढू दे.

फिल्म पूर्ण झाली की दाखवायला मिळते का विचारते, मिळाली तर शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. वाचून झालं की लगेच फोन करा, इथे कितीही वाजलेले असू देत.

तुमची,
चिऊ