सीपीआर माउसच्या क्लिकने येत नाही

महोदय,

नोकरीतल्या ऑनलाइन प्रशिक्षणाबद्दल जे छापून येतं, ते बहुतेक वेळा असे कोर्स बनवणाऱ्यांनी किंवा विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. मी ते कोर्स करणारी आणि दुसऱ्यांकडून करवून घेणारी आहे. रुग्णालयात वॉर्डची इन-चार्ज सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, आणि माझ्या स्टाफपैकी कोणाचा कोर्स राहिला की पहिला फोन मलाच येतो. म्हणून थोडं या बाजूने.

सध्या काय चालतं ते आधी सांगते. वर्ष संपत आलं की यादी येते: हातांची स्वच्छता, आग लागल्यास काय करायचं, सुई टोचल्यास काय करायचं, रुग्णाची ओळख पटवणं, आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. नावापुढची लाल खूण हिरवी झाली पाहिजे. दिवसा श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून हे सगळं नाइट ड्युटीवर ढकललं जातं. व्हिडिओ संपेपर्यंत 'पुढे'चं बटण दाबलंच जात नाही, त्यामुळे आवाज बंद करून तो तसाच चालू ठेवायचा, समोर इनटेक-आउटपुटचा (रुग्णाच्या शरीरात किती द्रव गेला, किती बाहेर आला याचा) चार्ट भरत राहायचं आणि मधूनमधून मान वर करून बटण सुरू झालं का ते बघायचं. शेवटी दहा प्रश्न. निम्म्यांचं उत्तर 'वरील सर्व'. याला मी आळस म्हणणार नाही. दोघींच्या भरवशावर अख्खा वॉर्ड सोडायचा आणि त्यांतल्या एकीने कानात इयरफोन घालून बसावं अशी अपेक्षा ठेवायची, हेच मुळात चुकतं.

आणि समजा, तिने मन लावून व्हिडिओ पाहिला, तरी लगेच घेतलेल्या परीक्षेतून काय कळतं? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मला फार पटतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र पारडं फिरलं: दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आमचे कोर्स परीक्षा घेतात ती त्या पाच मिनिटांच्या टप्प्यावर, आणि पेशंट येतो तो आठवड्यानंतर, महिन्यानंतर, कधीही. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं याचा आलेख हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडला होता. म्हणजे ही माहिती काही नवी नाही. नवं एवढंच की आता प्रत्येकीच्या खिशात फोन आहे, आणि दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी एकेक प्रश्न पाठवायला काही कष्ट पडत नाहीत. तसा प्रश्न आला की पोरी एकमेकींना विचारतात, वाद घालतात. वर्षातून एकदाच येणाऱ्या कोर्सवर वाद घातलेला मी कधी ऐकला नाही.

पण प्रश्नांनीही सगळं भागत नाही. सीपीआरचंच घ्या. प्रौढ माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, किमान पाच सेंटिमीटर खोल, पण सहाच्या पुढे नाही, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे आकडे परीक्षेत सगळ्यांना येतात. मग एकदा आमच्याकडे खोली आणि वेग मोजून पडद्यावर दाखवणारा मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, आणला. पैकीच्या पैकी गुण मिळवलेली एक हुशार मुलगी पुढे झाली. कोपरं वाकलेली, जोर मनगटातून, पडद्यावर खोली साडेतीन सेंटिमीटर. तिने आणखी ताकद लावली, वेग दीडशेच्या वर गेला, खोली तिथेच. अडचण ताकदीची नव्हती. मुलगी उंचीने लहान, पलंग उंच. पायाखाली स्टूल दिलं, खांदे बरोबर हातांच्या वर आणले, कोपरं ताठ केली, आणि चौथ्या-पाचव्या दाबाला आकडा पाचच्या पुढे गेला. स्टूल घ्यावं लागतं ही गोष्ट तिच्या कोर्समध्ये नव्हती. आता ती ड्युटीवर आली की क्रॅश कार्टशेजारी (तातडीच्या औषधांच्या आणि सामानाच्या गाड्याशेजारी) स्टूल आहे का ते आधी बघते.

सरावाचा पुतळा काही आजचा नाही. 'रेससी ॲन' नावाचा पहिला पुतळा १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने तयार केला. बदलली आहे ती वापरण्याची रीत. पूर्वी दोन वर्षांतून एकदा दिवसभराचा वर्ग व्हायचा आणि कार्ड मिळायचं. पण हे कौशल्य काही महिन्यांतच ढिलं पडतं हे वारंवार दिसून आलं आहे. म्हणून बऱ्याच रुग्णालयांत आता वाचायचा भाग ऑनलाइन करतात, आणि मॅनिकिन वॉर्डाजवळच ठेवून दर तीन महिन्यांनी काही मिनिटं हाताने सराव करून घेतात. पडदा तिथल्या तिथे सांगतो, 'आणखी खोल दाबा', 'हळू', 'छाती वर येऊ द्या'. ऑनलाइन प्रशिक्षणातली नवी वाट म्हणून मला एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी ही निवडेन.

दुसरी गोष्ट अगदी साधी आहे. इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राचा, अलार्म रात्री तीनला वाजतो, तेव्हा कोणी कोर्स उघडून बसत नाही. पंपाच्या बाजूला क्यूआर कोड चिकटवलेला असावा, तो स्कॅन केला की त्याच मॉडेलचा, त्याच अलार्मचा मिनिटभराचा व्हिडिओ दिसावा. आणि तो आपल्याच एखाद्या स्टाफने फोनवर काढलेला असावा, कारण नळीला पीळ नेमका कुठे पडतो ते तिलाच माहीत असतं. बाहेरून आलेल्या गुळगुळीत व्हिडिओत कोट घातलेला माणूस पडद्यावरची वाक्यं शब्दन् शब्द वाचून दाखवतो. एकाच वेळी वाचायचं आणि तेच ऐकायचं, याने शिकणाऱ्याला मदत होण्याऐवजी अडथळाच होतो, हे रिचर्ड मेयर यांच्या संशोधनात दिसलं आहे. पण तो कोट काही उतरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल माझं मत मिश्र आहे. चिडलेल्या नातेवाइकाची भूमिका करणाऱ्या चॅटबॉटशी बोलण्याचा सराव मला उपयोगी वाटला. नवी मुलगी तिथे अडखळली तरी कोणी हसत नाही, आणि तेच बोलणं तिला चार वेळा करून बघता येतं. मात्र नियमावलीची फाइल टाकली आणि तासाभरात कोर्स तयार, असल्या कारभाराची मला धास्ती वाटते. औषधाचं प्रमाण असलेली एकही ओळ वॉर्डात काम करणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय स्टाफपुढे जाऊ नये.

हे सगळं ठाऊक असूनही जुनीच पद्धत का चालते? मला वाटतं, नोंदीमुळे. बहुतेक कोर्स अजून 'स्कॉर्म' या मानकावर, म्हणजे ऑनलाइन कोर्सची नोंद कशी ठेवायची याच्या ठरलेल्या पद्धतीवर, चालतात. त्याची २००१ मधली आवृत्ती अजूनही वापरात आहे. कोर्स पूर्ण झाला की नाही, गुण किती, वेळ किती लागला, एवढं ती नीट लिहून ठेवते. मॅनिकिनवर खोली किती गेली, दुसऱ्या कोणाची मदत न घेता पंप कोणी सुरू केला, हे तिच्या कक्षेबाहेरचं. २०१३ मध्ये 'एक्स-एपीआय' आलं, त्यात कोणी काय केलं याची नोंद कोर्सच्या बाहेरूनही करता येते. पण तपासणीला येणारे हिरव्या खुणांची टक्केवारीच मागतात, आणि जे मागितलं जातं तेच रुग्णालय तयार ठेवतं. तपासणाऱ्यांनी टक्केवारी बाजूला ठेवून वॉर्डातल्या कोणत्याही दोघींना मॅनिकिनपुढे उभं करावं. पंधरा मिनिटांत कळेल.

राहिला वेळेचा प्रश्न. प्रशिक्षण हे काम असेल तर ते ड्युटीत धरलं पाहिजे. नाइट उतरून घरी गेलेल्या बाईला दुपारी 'आपला कोर्स बाकी आहे' असा मेसेज पाठवणं थांबलं पाहिजे. पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये दर बुधवारी दुपारच्या हँडओव्हरनंतर पंधरा मिनिटं मी सरावासाठी लिहिली आहेत. तेवढ्या वेळापुरती दुसऱ्या वॉर्डातून एक स्टाफ द्या, असा अर्ज मेट्रनच्या टेबलावर आहे. मंजुरी यायची आहे.

आपली नम्र,
एक इन-चार्ज सिस्टर