अंतर्गत गुणांचे निकष आधी कळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवी अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आता श्रेणी बदलू शकतील इतके असतात. पण ते कशाचे मिळतात आणि कशामुळे जातात, हे बहुतेक विद्यार्थ्यांना निकाल लागल्यावरही कळत नाही. सूचनाफलकावर ‘ग्रामीण कर्जपुरवठ्यातील सहकारी बँकांच्या भूमिकेची चिकित्सा करा, गुण १५’ एवढीच ओळ लागते. मग मुले बँकांच्या स्थापनेपासूनचा इतिहास सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात, समास आखतात, मुखपृष्ठ रंगवतात आणि पंधरापैकी सात गुण पडले की सर खडूस आहेत असे म्हणून मोकळी होतात. वास्तविक इतिहास विचारलेलाच नव्हता. कर्ज कोणाला मिळाले, कोण वंचित राहिले आणि थकबाकी का वाढली, याची छाननी अपेक्षित होती. पण हे आधी सांगतो कोण? पानांची जाडी पाहून गुण देणारेही आमच्या व्यवसायात आहेतच.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बहुतांश अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के भारांक असतो. कोणते उत्तर साधारण किती शब्दांत लिहायचे, त्याची आखणी आणि मांडणी कशी करायची, हे तेथील स्वाध्याय पुस्तिकेतच छापलेले असते, आणि तपासलेला स्वाध्याय शेऱ्यांसह परत करण्याची पद्धत आहे. जेथे शिक्षक रोज वर्गात समोर असतो, त्या नियमित महाविद्यालयांना हे जमू नये याचे नवल वाटते.

लेखी परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थींचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला, त्यामुळे तेथे निदान शंकानिरसनाला वाट आहे. असाइनमेंटची फाईल मात्र एकदा विभागाच्या कपाटात गेली की विद्यार्थ्याच्या हाती सहसा परत येत नाही.

म्हणून प्रश्नासोबतच आशयाला ५, युक्तिवादाला ५, संदर्भांना ३ आणि मांडणीला २ अशी गुणविभागणी लेखी द्यावी, तसेच तपासलेली फाईल त्याच सत्रात परत करावी. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात एवढा वेळ कोठून आणायचा, हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु निकष ठरलेले असले की तपासणी उलट लवकर उरकते, कारण प्रत्येक फाईलवर लांबलचक शेरा न लिहिता चार रकान्यांत आकडे भरले तरी गुण कोठे गेले ते दिसते. विषयवार अभ्यास मंडळांनी अशी विभागणी अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतच समाविष्ट करावी, ही विनंती.

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा