आईला ताप नव्हता

कासारवडवली, ठाणे
गुरुवार, रात्री

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

हे फोनवर बोलता आलं नसतं. आई, तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाबा देतात. शिवाय देवरुखला आपल्या पडवीत रेंज येते न येते. म्हणून पत्र. अक्षर बघून घाबरू नका, बारा वर्षं नुसतं टाइपच करतोय.

आज गुरुवार, म्हणजे टीआरपीचा दिवस. आकडे बरे आले, म्हणून सगळे जरा माणसात होते आणि मला लवकर सुटता आलं.

आई, गेल्या आठवड्यात तू विचारलंस, "तुझ्या सिरियलमधली ती आई सारखी चक्कर येऊन का पडते रे? तिच्या अंगात रक्त नाही का?" मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर ती चक्कर मीच लिहिली. आणि त्या जागी आधी तू होतीस.

झालं असं. सून विचारते, "आई, रात्रीला काय करायचं?" मी लिहिलं होतं की आई पिशवी खाली ठेवते आणि म्हणते, "मी आज काही करणार नाहीये. मला कंटाळा आलाय." मग चपला घालते आणि एकटीच बाहेर पडते. बस, एवढाच सीन. चॅनेलच्या क्रिएटिव्हचा फोन आला. "का?" मी म्हटलं, कंटाळा आलाय. "ते कळलं, पण का? सून टोचून बोलली का? नवऱ्याचं बाहेर काही आहे का? कसला रिपोर्ट आलाय का?" चाळीस मिनिटं आम्ही एका बाईच्या कंटाळ्याचं कारण शोधत होतो. ही मुलगी मूर्ख नाही हं. डोंबिवलीहून येते, माझ्यापेक्षा जास्त वाचते. तिचं म्हणणं असं की बघणारी बाई स्वतःचा स्वयंपाक उरकून टीव्हीसमोर बसलेली असते. ती म्हणेल, हिला काय धाड भरलीये? तिला हिची दया आली पाहिजे, नाहीतर ती चॅनेल बदलेल.

मग ठरलं, चक्कर. डॉक्टर, सलाइन, मुलगा पायाशी बसून रडतोय. स्वयंपाकघरातून एका रात्रीची सुट्टी मिळायला सलाइन लावावं लागलं. आणि गंमत म्हणजे त्या स्वयंपाकघरातला गॅस जोडलेलाच नाही. घोडबंदर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये आमचा बंगला उभा आहे. भाजी चिरून ताटलीत ठेवलेली असते, तिसऱ्या दिवशी ती वास मारायला लागते. पाऊस आला की पत्र्यावर असा वाजतो की सगळा सेट हात बांधून उभा. अशा स्वयंपाकघरातसुद्धा बाईला कंटाळा यायची सोय नाही.

आईचं काम करणाऱ्या ताईंनी कुठून तरी जुना सीन मिळवला. मेकअप रूममध्ये ते वाक्य एकदा म्हणून बघितलं, काही न करता, सपाट. हेअरड्रेसर बाई पिना लावता लावता म्हणाली, "कंटाळा यायलापण वेळ लागतो हो ताई." तेवढंच. मग त्या चक्कर येऊन पडायला गेल्या. सराव आहे त्यांना.

तेव्हापासून माझ्या डोक्यात 'उंबरठा' घोळतोय. बाबा, आठवतंय? दूरदर्शनवर लागला होता, तुम्ही बनियनवर पंख्याखाली बसला होतात आणि मध्येच म्हणालात, "नवरा तर चांगला होता की तिचा." आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "चांगला होताच. म्हणून काय झालं?" तुम्ही गप्प. मला त्या वयात काहीच कळलं नव्हतं, फक्त स्मिता पाटीलचे डोळे लक्षात राहिले.

परवा पुन्हा बघितला. बाबा, तुम्ही बरोबर होतात. नवरा वकील, घर खातंपितं, सासू स्वतः समाजसेवा करणारी. सुलभाला त्या घरात कुणी चटके देत नाही. शिकलेय तर काम करीन, एवढ्यासाठी ती लहान पोरीला जावेकडे सोडून परगावी महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला जाते. १९८२ साली तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी बाईला कारणाशिवाय घराबाहेर काढलं, ही केवढी मोठी गोष्ट. पण मग ती परत येते तेव्हा नवरा सांगतो की मध्यंतरी त्याच्या आयुष्यात दुसरी आली. ती पुन्हा निघते, आणि आता थिएटरातला प्रत्येक जण म्हणू शकतो, बरोबर आहे तिचं. नवऱ्याचं ते प्रकरण नसतं तर दुसऱ्यांदा तिला जाऊ देणारे किती उरले असते? मी धरून. मूळ कादंबरी शांता निसळ यांची, तिचं नाव 'बेघर'. पुस्तकाच्या नावात बाई घर गमावून बसलेली, सिनेमाच्या नावात नुसता उंबरठा. त्या बाजूला की या, ते बघणाऱ्यानं ठरवायचं.

त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी प्रभातचा 'कुंकू'. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेलं, नीरा त्याला नवरा मानायला तयार नाही. कारण एवढं धडधडीत की वादच नको. तरी तिला मोकळं करायला शेवटी म्हाताऱ्याला जीव द्यावा लागतो. आम्ही सलाइनवर भागवतो, म्हणजे प्रगतीच म्हणायची!

बाईनं स्वतः लिहिलं की मात्र हे कारणांचं लचांड नसतं. सुट्टीत तू मला ग्रंथसंग्रहालयातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आणून दिलं होतंस, मी कुरकुरत वाचलं आणि मग सोडवेना. लक्ष्मीबाई चिडतात, हसतात, चुकतात, नवऱ्याची, म्हणजे रेव्हरंड टिळकांची, फजिती सांगतात, स्वतःचीही सांगतात. कुठेही वकीलपत्र घेऊन उभ्या राहत नाहीत. त्या पुस्तकातली एखादी लक्ष्मीबाई मी चॅनेलला पाठवली तर पहिला शेरा येईल, 'हिचा ट्रॅक काय?'

आता मुद्द्याचं. मी चॅनेलवर आठवडाभर धुसफुसत होतो, मग एका रात्री घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसल्या बसल्या आठवलं. ते वाक्य मी बनवलेलं नव्हतंच, ते तुझं होतं. मी दहा वर्षांचा असेन. शनिवार होता. तू फोर्टातून सहाच्या सुमाराला आलीस, पर्स कपाटावर ठेवलीस आणि म्हणालीस, "मी आज काही करणार नाहीये. मला कंटाळा आलाय." तोंड धुतलंस, साडी बदललीस आणि गेलीस. भांडण नाही, आदळआपट नाही. बाबांनी पिठलं टाकलं, त्याच्या गुठळ्या मला अजून आठवतात.

तेवढ्यात समोरच्या काकू वाटी मागायला आल्या. आई कुठंय? आणि मी, कुणी विचारलं नसताना, म्हणालो, "आईला ताप आलाय. झोपलीय." म्हणजे मला तरी कुठे सांगता आलं, की कंटाळा आला म्हणून गेली? त्या चॅनेलच्या मुलीला चाळीस मिनिटं लागली, मला तर एक सेकंदही लागला नाही.

काकू मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. दार उघडं, हातात पातेलं, आणि तू गजरा माळून जिना चढत येतेयस. मी मोरीत लपलो. तू पातेल्याकडे बघितलंस, काकूंकडे बघितलंस, पातेलं घेतलंस आणि बसून सगळा भात खाल्लास. "छान झालाय हो," म्हणालीस. काकू गेल्यावर मला फक्त विचारलंस, "ताप कितीवर होता?"

त्या रात्री कुठे गेली होतीस, हे मी तीस वर्षांत विचारलं नाही. गडकरीला नाटक बघितलंस का? तेव्हा 'चारचौघी' जोरात होतं. की तलावपाळीला नुसतीच बसलीस? भेळ खाल्लीस का? मला सीनसाठी नकोय. म्हणजे, मिळालं तर लिहीनही, पण आधी तुला विचारून. या वेळी विचारलं नव्हतं, त्याबद्दल चिडली असशील तर चीड.

बाकी ठीक. नौपाड्यात आपल्या बिल्डिंगचं पाडकाम संपलं, आता नुसता खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी. बिल्डरचं भाडं या महिन्याचं जमा झालं, मागच्या महिन्याचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज महाभारत. बाबा, गुडघ्याचा पट्टा कुरिअरनं पाठवलाय, वापरा, कपाटात ठेवू नका.

आणि आई, उत्तर तूच लिही. परवा तू अंगणात होतीस तेव्हा मी बाबांना त्या शनिवारबद्दल विचारलं होतं. ते अगदी ठामपणे म्हणाले, "कसलं नाटक? मला चांगलं आठवतंय, त्या रात्री तुझ्या आईला ताप होता."

तुमचा,
बाळू